अपठित उतारा आणि चुकांची वही : इंग्रजीच्या अंतिम परीक्षेची तयारी

हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी इंग्रजीच्या अंतिम परीक्षेचा अभ्यास सुरू करताना मला सर्वांत आधी जाणवले ते हे, की या विषयाचा अभ्यास ‘पूर्ण झाला’ असे कधीच म्हणता येत नाही. इतिहासाचे धडे संपतात, बीजगणिताची प्रकरणे संपतात आणि उजळणी कुठून कुठपर्यंत करायची हे वही उघडली की ठरवता येते. इंग्रजीच्या पेपरात मात्र उतारा अपठित असतो, निबंधाचा विषय प्रश्नपत्रिका हातात पडल्यावरच कळतो, आणि व्याकरणाचे नियम तोंडपाठ असले तरी त्यांची कसोटी आधी कधी न पाहिलेल्या वाक्यांवर लागते. धडे आणि कविता यांवरचे प्रश्न तेवढे ओळखीचे असतात. त्यामुळे किती पाने वाचून झाली यापेक्षा पुस्तक मिटून काय लिहून झाले याचाच हिशेब ठेवायचा, असे मी ठरवले आणि पुढचा सगळा अभ्यास त्या धोरणाने केला.

हे धोरण आमच्या इंग्रजीच्या बाईंनी सुचवले होते आणि त्यामागचे कारणही त्यांनी नीट समजावून सांगितले होते. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून आणि ठरावीक काळानंतर किती आठवतात हे मोजून १८८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यातला मोठा भाग सुरुवातीलाच झपाट्याने विसरला जातो आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्याला दिसले होते. पुढे २००६ मध्ये रोएडिगर आणि कार्पिके या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्या गटाला तो न पाहता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ती ओळखच आपल्याला ‘येते’ असे भासवते, हे बाईंचे म्हणणे मला मनापासून पटले. परीक्षेत कोणी मजकूर ओळखायला सांगत नाही. कोऱ्या कागदावर तो उभा करायला सांगतात.

पहिले काम जुन्या प्रश्नपत्रिका जमवण्याचे होते. त्या सोडवण्याआधी मी नुसत्या वाचल्या, आणि कोणत्या विभागाला किती गुण आहेत व प्रश्नांची क्रियापदे कोणती आहेत एवढेच लिहून काढले. वर्णन करा, कारणे द्या, तुलना करा, चर्चा करा, समर्थन करा या सूचनांना वेगवेगळ्या घडणीची उत्तरे लागतात. ‘कम्पेअर’ म्हटले असताना एका पात्राचे वर्णन संपवून मग दुसऱ्याचे लिहिले तर ती दोन शब्दचित्रे होतात, तुलना होत नाही. तुलनेसाठी धैर्य, स्वार्थ, बोलण्याची पद्धत असा एकेक मुद्दा घेऊन त्यावर दोघांना समोरासमोर आणावे लागते. ‘डिस्कस’ म्हटले तर दोन्ही बाजू यायला हव्यात, आणि ‘जस्टिफाय’ म्हटले तर एक बाजू घेऊन ती पुराव्याने टिकवायला हवी. माझ्या मते इंग्रजीच्या पेपरात भाषेच्या चुकांइतकेच गुण प्रश्न अर्धवट वाचल्याने जातात, आणि हे नुकसान टाळायला भाषेवर प्रभुत्व लागत नाही, फक्त शिस्त लागते.

सरावाची उत्तरे तपासून आली की त्यातल्या चुका मी एका वेगळ्या वहीत उतरवत असे. ही वही तारखेनुसार नव्हती, चुकांच्या जातीनुसार होती : आर्टिकलसाठी काही पाने, काळांसाठी काही, प्रिपोझिशनसाठी काही, अप्रत्यक्ष कथनासाठी काही. डावीकडे मी लिहिलेले वाक्य, उजवीकडे दुरुस्त वाक्य आणि खाली कारण. थोड्याच काळात एक गोष्ट ठळकपणे दिसू लागली. या चुका विखुरलेल्या नव्हत्या. त्यांतल्या बहुतेक मराठीच्या घडणीतून आलेल्या होत्या, आणि म्हणूनच त्या पुन्हा पुन्हा येत होत्या. व्याकरणाच्या पुस्तकात सर्व नियमांना सारखीच जागा दिलेली असते, पण मराठीत विचार करणाऱ्या मुलीला त्यांतले काही नियम आयते येतात आणि काहींवर तिला खूप काळ घालवावा लागतो. कुठे थांबायचे आणि कुठून झपाट्याने पुढे जायचे, हे मला त्या वहीने सांगितले.

अप्रत्यक्ष कथनाचे उदाहरण घेते. मराठीत आपण ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ असे सहज बोलतो; बोलणाऱ्याचे ‘मी’ आणि त्याचा वर्तमानकाळ दोन्ही जसेच्या तसे राहतात. इंग्रजीत तेच वाक्य ‘ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे’ असे होते. सर्वनाम बदलते, काळ मागे सरकतो आणि ‘उद्या’सुद्धा ‘दुसऱ्या दिवशी’ होतो. प्रश्नार्थक वाक्यांत आणखी एक अडचण येते. ‘त्याने मला विचारले की तू कुठे राहतेस’ या वाक्यातला ‘की’ हात धरून इंग्रजीत येतो आणि ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डिड आय लिव्ह’ असे वाक्य कागदावर उतरते. बरोबर वाक्य ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड’ असे आहे : ‘दॅट’ नको, ‘डिड’ नको, आणि कर्ता क्रियापदाच्या आधी. नियम वाचताना हे सोपे वाटते. मी मात्र वर्गात झालेली संभाषणे घरी येऊन इंग्रजीत अप्रत्यक्ष कथनात लिहून काढू लागले, कारण तयार वाक्यांचे रूपांतर करण्यापेक्षा खरे बोलणे सांगताना ही रचना जास्त लवकर अंगवळणी पडते.

काळांच्या पानांवर ‘मी दहा वर्षांपासून इथे राहते’ या घडणीची वाक्ये सर्वांत जास्त होती. मराठीला इथे साधा वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीला ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ लागते, आणि मराठीतल्या एकाच ‘पासून’साठी कालावधी असेल तर ‘फॉर’, आरंभबिंदू असेल तर ‘सिन्स’ अशी निवड करावी लागते. आर्टिकल तर मराठीत नाहीतच, त्यामुळे ती गाळली गेल्याचे डोळ्यांना खटकतही नाही. ‘अ’ की ‘ॲन’ हे अक्षरावरून नव्हे, उच्चारावरून ठरते, म्हणून ‘ॲन अवर’ पण ‘अ युनिव्हर्सिटी’, हा भाग एकदा समजला की संपतो. ‘द’ कधी यावा याचा निकाल मात्र आधीच्या वाक्यांत काय सांगून झाले आहे त्यावर लागतो, म्हणून त्याचा सराव सुट्या वाक्यांवर होत नाही. मी छापील परिच्छेद घेऊन त्यातली सगळी आर्टिकले पांढऱ्या पट्टीने झाकत असे, ती स्वतः भरत असे आणि मग पट्टी काढून ताडून पाहत असे. एका परिच्छेदात जिथे माझे उत्तर छापील मजकुराशी जुळत नसे, तिथे लेखकाने ‘द’ वापरून वाचकाला कोणती गोष्ट आधीच ठाऊक आहे असे धरले होते, हे शोधणे हा त्या अभ्यासातला मला सर्वांत आवडलेला भाग होता.

प्रिपोझिशनच्या बाबतीत मराठी काही ठिकाणी मदतीला येते. अवलंबून असणे आपल्याकडेही ‘वर’ आहे आणि इंग्रजीतही ‘ऑन’. भीती आपल्याकडे एखाद्या गोष्टी‘ची’ वाटते आणि इंग्रजीतही ‘ऑफ’ येते. पण ‘पाच वाजता’, ‘सोमवारी’ आणि ‘जूनमध्ये’ यांना अनुक्रमे ‘ॲट’, ‘ऑन’ आणि ‘इन’ लागतात, लग्न ‘कोणाशी’ झाले ते ‘विथ’ने नव्हे, ‘टू’ने सांगतात, आणि ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ येत नाही. जुळणाऱ्यांची आणि न जुळणाऱ्यांची अशा दोन वेगळ्या याद्या केल्या आणि उजळणी फक्त दुसरीची केली.

स्पेलिंगसाठी ताईने मदत केली. ती शब्द वाचून दाखवत असे, मी लिहीत असे आणि चुकलेले शब्द पुढच्या वेळी ती पुन्हा विचारत असे. नुसती घोकंपट्टी टाळायची म्हणून मी न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांची कारणे शोधली आणि त्याचा फार उपयोग झाला. ‘नाइट’ म्हणजे सरदार, ‘नी’ म्हणजे गुडघा, या शब्दांतला ‘के’ पूर्वी खरोखरच उच्चारला जात असे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना आणला आणि त्यानंतर स्पेलिंग हळूहळू स्थिर होत गेले; पण उच्चार बदलत राहिले, दीर्घ स्वरांचे तर फारच बदलले, आणि जुने लेखन मागे उरले. ‘डेट’ म्हणजे कर्ज, या शब्दातला ‘बी’ उच्चारातून आलेलाच नाही. हा शब्द फ्रेंचमधून ‘बी’शिवाय आला होता, आणि त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे हे दाखवण्यासाठी विद्वानांनी ते अक्षर नंतर घातले. ‘आयलंड’मधला ‘एस’ तर लॅटिन शब्दाशी चुकीचे नाते जोडल्यामुळे आला. कारण कळले की शब्द लक्षात राहतो. अक्षर दुप्पट करण्याचा नियमही असाच आघातावरून, म्हणजे शब्दाच्या कोणत्या अवयवावर (उच्चारातल्या तुकड्यावर) जोर पडतो त्यावरून, समजला : ‘प्रिफर’मध्ये आघात दुसऱ्या अवयवावर आहे म्हणून ‘प्रिफर्ड’ लिहिताना ‘आर’ दोनदा येतो, ‘ऑफर’मध्ये तो पहिल्यावर आहे म्हणून ‘ऑफर्ड’मध्ये एकदाच.

आता अपठित उताऱ्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण त्यावर मी सर्वांत जास्त वेळ दिला आणि तो योग्य ठिकाणी दिला असे मला आजही वाटते. सरावासाठी घेतलेला एक उतारा दीपगृहांविषयी होता. पहिल्या परिच्छेदात स्वयंचलित दिव्यांचे फायदे सांगितले होते : खर्च कमी होतो, चूक कमी होते, आणि कोणाला एकाकी खडकावर महिनोन्महिने राहावे लागत नाही. दुसरा परिच्छेद ‘यट’ या शब्दाने सुरू होत होता आणि त्यात दीपगृहाचे रखवालदार हवामानाच्या नोंदी ठेवत, अडचणीतल्या होड्या पाहून खबर देत, असे आले होते. तिसऱ्याची सुरुवात ‘परहॅप्स’ने होती आणि लेखक म्हणत होता की आपण वाचलेला खर्च मोजला, पण त्याबरोबर गेलेले काम कदाचित मोजलेच नाही. प्रश्न होता : लेखकाचे मत काय आहे? चार पर्यायांपैकी एकात ‘स्वयंचलित दिव्यांमुळे खर्च कमी झाला’ असे होते. हे विधान उताऱ्यात आहे आणि खरेही आहे, पण ते लेखकाचे मत नाही, त्याने मान्य केलेली वस्तुस्थिती आहे. दुसऱ्या पर्यायात जुनी पद्धत परत आणावी असे होते. तसे लेखकाने कुठेही म्हटलेले नाही. तिसऱ्यात रखवालदार नेहमीच कार्यक्षम होते असे होते, आणि उताऱ्यात ‘नेहमी’ कुठेच नव्हते. उरलेला पर्याय, म्हणजे बदल उपयुक्त असला तरी त्यात गमावलेल्या गोष्टींचा हिशेब झाला नाही, हे उत्तर ‘यट’ आणि ‘परहॅप्स’ या दोन छोट्या शब्दांवर उभे होते.

त्यानंतर उतारा वाचण्याची माझी पद्धत ठरून गेली. आधी प्रश्न नजरेखालून घालायचे, मग उतारा सलग वाचायचा, आणि दुसऱ्या वाचनात ‘बट’, ‘हाउएव्हर’, ‘यट’, ‘दो’ असे वळण दाखवणारे आणि ‘परहॅप्स’, ‘सीम्स’ असे खात्री कमी करणारे शब्द पेन्सिलने अधोरेखित करायचे. पर्यायांत ‘ऑल्वेज’, ‘नेव्हर’, ‘ओन्ली’ असे टोकाचे शब्द दिसले तर उताऱ्यात तेवढी ठाम वाक्ये आहेत का हे तपासायचे. अपरिचित शब्द आला तर शब्दकोश मिटलेलाच ठेवून आजूबाजूच्या वाक्यांवरून अर्थ लिहायचा आणि नंतरच कोश उघडायचा. त्याच उताऱ्यातला ‘टेंडेड’ हा शब्द मला ठाऊक नव्हता, पण रोज संध्याकाळी दिव्यापाशी जाऊन करायचे ते काम म्हणजे देखभालच असणार, हे वाक्यच सांगत होते. प्रत्येक उत्तरासमोर त्याचा आधार असलेल्या ओळीचा क्रमांक लिहायचा, असाही नियम मी स्वतःला घालून घेतला होता. क्रमांक लिहिता आला नाही तर ते उत्तर उताऱ्यातले नसून माझ्या डोक्यातले आहे, असे समजायचे.

सारांशलेखन याच वाचनाचा पुढचा भाग आहे. साधारण एक तृतीयांश शब्दांत सारांश मागतात, आणि प्रत्येक वाक्य थोडे थोडे छाटले की सारांश होतो ही समजूत वर्गात सार्वत्रिक आहे. मी उतारा झाकून प्रत्येक परिच्छेदाचे म्हणणे एकेका वाक्यात लिहीत असे आणि मग ती वाक्ये जोडत असे. उदाहरणे आणि पुनरुक्ती या पद्धतीने आपोआप गळतात, कारण त्या आठवणीत शिल्लकच राहत नाहीत.

धड्यांवरच्या मोठ्या उत्तरांसाठी गाइडमधली तयार उत्तरे पाठ करण्याची पद्धत सर्वत्र आहे. तिचा दोष असा की प्रश्न थोडा वळवून आला की पाठ केलेले उत्तर वळत नाही. मी प्रत्येक धड्यातल्या प्रमुख पात्रासाठी तीन-चार प्रसंग आणि मोजकी छोटी अवतरणे निवडली, आणि तेच साहित्य वेगवेगळ्या प्रश्नांना कसे लावता येईल याचा सराव केला. एखाद्या पात्राने वडिलांपासून पत्र लपवले हा प्रसंग त्याच्या भीतीचा पुरावा होऊ शकतो, प्रेमाचाही होऊ शकतो आणि कथेतल्या कलाटणीचे कारणही होऊ शकतो. प्रश्न कोणता आहे त्यावर ते ठरते. विधान करायचे, मूळ मजकुरातला पुरावा द्यायचा, आणि तो पुरावा विधानाला कसा आधार देतो हे सांगायचे, या तीन पायऱ्यांतली तिसरीच बहुधा राहून जाते. अवतरण देऊन पुढे निघून जाणाऱ्या उत्तराला परीक्षकाने पूर्ण गुण का द्यावेत?

कवितेच्या रसग्रहणात मराठीच्या तासाला शिकलेले कामी आले. उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती आणि अनुप्रास हे अलंकार दोन्हीकडे आहेत. मात्र इंग्रजी अनुप्रास ध्वनीवर चालतो : ‘नाइफ’ आणि ‘किंग’ या दोन्ही शब्दांचे पहिले अक्षर ‘के’ असले तरी त्यांत अनुप्रास नाही, ‘नाइफ’ आणि ‘नेस्ट’ यांत आहे. वृत्ताचा फरक त्याहून मोठा आहे. आपण लघु-गुरू मोजतो, इंग्रजी कविता आघात मोजते. आयँबिक पेंटामीटरमध्ये एक आघातहीन आणि एक आघातयुक्त अवयव मिळून एक चरणक होतो आणि ओळीत असे पाच असतात. हे कानाला कळावे म्हणून मी ओळी मोठ्याने म्हणून टाळी देत असे, आणि ‘रेकॉर्ड’सारखे शब्द शोधत असे, ज्यात नाम असताना आघात पहिल्या अवयवावर आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर येतो. सॉनेटच्या चौदा ओळींत विचार कुठे वळतो हे पाहणे तर उताऱ्यातले ‘यट’ शोधण्यासारखेच होते : इटालियन पद्धतीत तो बहुधा आठव्या ओळीनंतर वळतो, इंग्रजी पद्धतीत अनेकदा शेवटच्या दोन ओळींत. अलंकाराचे नाव लिहून थांबू नये, त्याने त्या ओळीत काय साधले ते लिहावे, असे बाई वारंवार सांगत आणि ते शंभर टक्के खरे आहे.

पत्रलेखनाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. मांडणी एकदा हातात बसली की ती विसरत नाही. ‘डिअर सर’ने सुरुवात केली तर शेवटी ‘युअर्स फेथफुली’, नाव घेऊन केली तर ‘युअर्स सिन्सिअरली’, एवढे ध्यानात ठेवले की पुरते. निबंधासाठी मात्र मी पूर्ण निबंध थोडे आणि आराखडे पुष्कळ लिहिले. विषय पाहायचा, चार मुद्दे काढायचे, त्यांचा क्रम लावायचा आणि प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य तेवढे पूर्ण लिहायचे. त्या चार वाक्यांतून निबंधाचा विचार सलग कळत नसेल, तर पुढची भाषा कितीही सुंदर असली तरी निबंध भरकटतो. भारदस्त शब्द पेरण्यापेक्षा छोटी, स्वच्छ वाक्ये लिहावीत असे माझे ठाम मत आहे, कारण लांब वाक्यात क्रियापद कर्त्यापासून दूर जाते आणि ‘वन ऑफ द बॉइज’नंतर एकवचनी ‘इज’ यायला हवे हे भान सुटते.

शेवटच्या टप्प्यात घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवले. शंभर गुण आणि तीन तास असतील, आणि तपासणीसाठी २० मिनिटे बाजूला ठेवली, तर १६० मिनिटे उरतात. म्हणजे दहा गुणांच्या निबंधाला १६ मिनिटे. हा हिशेब मी प्रश्नपत्रिकेच्या समासात लिहीत असे आणि वेळ संपली की उत्तर अर्धे असले तरी पुढे जात असे, कारण अर्ध्या उत्तराला काही गुण मिळतात, कोऱ्या पानाला मिळत नाहीत.

परीक्षेच्या दिवशी मी उतारा सर्वांत आधी घेतला, कारण त्याला ताजे लक्ष लागते, आणि पत्र शेवटी ठेवले. तपासणी करताना सगळे पुन्हा वाचत बसले नाही. चुकांच्या वहीतल्या जाती मनात धरून वेगवेगळ्या फेऱ्या केल्या : एका फेरीत फक्त तृतीयपुरुषी एकवचनी क्रियापदांचा ‘एस’, दुसरीत फक्त काळ, तिसरीत फक्त आर्टिकले. निबंधात दोन ठिकाणी ‘द’ राहून गेला होता आणि एके ठिकाणी ‘फॉर’च्या जागी ‘सिन्स’ पडले होते. एकेक रेघ ओढून ती वाक्ये नीट केली, पुरवण्यांवरचे क्रमांक पाहिले आणि घंटा होताच उत्तरपत्रिका पर्यवेक्षकांच्या हाती दिली.